कुणाची गं आई ही?

आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आमच्याकडे डोंबिवलीला राहायला होती. टीव्ही बंद, पोथी बंद, डोळ्यांवर काळा चष्मा. उरले फक्त कान. कुकरच्या शिट्ट्या ती मोजायची, लिफ्टचं दार कुठल्या मजल्यावर आपटलं ते सांगायची, शेजारच्या घरातलं भांडण कुठवर आलंय याची बातमी द्यायची. एका संध्याकाळी मी ओट्याशी मेथी निवडत होते आणि फोनवर केन्ड्रिक लमार या अमेरिकन रॅपरचा 'गुड किड, मॅड सिटी' हा अल्बम लावला होता. आवाज बेताचा, कारण त्यातले शब्द घरात मोठ्याने लावण्याजोगे नाहीत. आत्याला इंग्रजी येत नाही, तेव्हा तशी भीती नव्हती, पण जुनी सवय. पहिलं गाणं संपता संपता फोन वाजतो, कुणी उचलत नाही आणि एक बाई निरोप ठेवायला लागते. आत्याने मान वर केली. "कुणाची गं आई ही? केवढी कावलीये."

मी म्हटलं, त्या गाणाऱ्याचीच.

"मग फोन उचलत का नाही मेला?"

हसून विषय संपायला हवा होता, पण ते वाक्य रात्रीपर्यंत डोक्यात फिरत राहिलं. हा अल्बम मी २०१२ सालापासून ऐकतेय. कुठला बीट कुणी केला, 'सिंग अबाउट मी'च्या बारा मिनिटांत आवाज कुठे विरत जातो आणि का, यावर मी लोकांची डोकी खाल्ली आहेत. कुणी विचारलं की हा अल्बम कशाबद्दल आहे, तर मी सांगायचे: कॉम्प्टन हे केन्ड्रिकचं कॅलिफोर्नियातलं गाव, टोळ्या, पोलीस, संगतीचा रेटा. आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला ऐकू आलं ते एवढंच की पोरगा बाहेर आहे आणि आई वाट बघतेय. आणि कथा खरोखर तेवढीच आहे. सतरा वर्षांचा मुलगा पंधरा मिनिटांत येतो म्हणून आईची व्हॅन घेऊन एका मुलीला भेटायला जातो. आईला सरकारी कचेरीत जायचंय, तिला गाडी हवीय. मागून बाप ओरडतोय की माझ्या डॉमिनोच्या सोंगट्या कुठे ठेवल्यास. अल्बमभर हे निरोप येत राहतात. मधल्या वेळात त्या मुलावर जे काही गुदरतं, मारामारी, चोरी, मित्राचा खून, त्यातलं आईला काहीच माहीत नाही. ती गाडीच मागतेय. शेवटाकडे बापाचा सूर उतरतो, तो जबाबदारीबद्दल बोलतो. आई म्हणते की माणूस होऊन परत ये आणि इथल्या पोरांना तुझी गोष्ट सांग. हे आवाज नटांचे नाहीत, खऱ्या आईबापांचे आहेत. मुखपृष्ठावर पोलरॉइड फोटो आहे: मांडीवर तान्हा केन्ड्रिक, भोवती घरातली मोठी माणसं, त्यांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या, टेबलावर दारूची बाटली आणि शेजारी दुधाची. एकट्या बाळाचेच डोळे उघडे ठेवलेत.

घरातल्या माणसांचे हे आवाज मला इतक्या उशिरा का ऐकू आले, याला एक कारण आहे. मी हिप हॉपच्या नादी लागले ती फोर्टातल्या फुटपाथवर मिळणाऱ्या एमपीथ्री सीड्यांमुळे. एका सीडीत शंभर-दीडशे गाणी, नावं अर्धवट कापलेली, क्रम इंग्रजी अकारविल्हे. त्यामुळे अल्बम नावाची वस्तू माझ्यापर्यंत पोचायचीच नाही, पोचायचा तो गाण्यांचा ढीग. काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये खऱ्या सीड्या असायच्या. त्या हातात घ्यायच्या, मागची नावं वाचायची, किंमत बघायची आणि जागच्या जागी ठेवायच्या. २०१६ मध्ये रिदम हाऊस बंद झालं तेव्हा लोकांनी पुष्कळ हळहळ लिहिली. मला आठवला तो प्लास्टिकच्या वेष्टनाचा गुळगुळीत स्पर्श आणि आपण काही विकत घेणार नाही हे ओळखून असलेली काउंटरवरची नजर. पुढे कॉलेजातल्या एका मित्राची हार्ड डिस्क मिळाली. तो शिस्तीचा माणूस. मिनिटभराच्या आतल्या सगळ्या फाइल त्याने फालतू म्हणून पुसून टाकलेल्या. म्हणजे सगळी स्किट गेली, गाण्यांच्या मधे येणारे ते बोलके तुकडे.

अर्थात बहुतेक स्किट त्याच लायकीची असतात, हेही सांगायला हवं. १९८९ मध्ये डे ला सोल या रॅप त्रिकुटाने 'थ्री फीट हाय अँड रायझिंग'मध्ये त्यांचा संगीत-निर्माता प्रिन्स पॉल याच्या डोक्यातून निघालेला टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेचा खेळ गाण्यांच्या मधे पेरला, तो गमतीचा होता. त्यानंतर दहा-पंधरा वर्षं प्रत्येकाला वाटलं की आपल्यालाही विनोद जमतो. पिस्तुलांचे बार, पलंगाची करकर, टवाळ पोरांचं खिदळणं. नव्वदच्या दशकातले कितीतरी चांगले अल्बम या भरताडाने जड झालेत. सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटांची जागा आहे म्हणून ती भरायचीच, असा तो काळ.

त्या मित्राच्या कात्रीतून एक आई मात्र वाचली, कारण ती गाण्याच्या आतच बोलते. जे-झी या रॅपरच्या 'द ब्लॅक अल्बम'मधलं 'डिसेंबर फोर्थ', साल २००३. कडव्यांच्या मधे ग्लोरिया कार्टर सांगते की हा माझा चौथा, शेवटचा. जन्मला तेव्हा दहा पौंड आठ औंस भरला आणि चारही बाळंतपणांत मला त्रास न देणारा हा एकटाच. माझ्या कानांना हे फार ओळखीचं होतं. मुलाच्या कौतुकाची सुरुवात त्याच्या वजनापासून करणाऱ्या बायका मी लहानपणापासून ऐकत आलेय. मुलगा तिकडे ड्रग्ज विकल्याच्या गोष्टी सांगतोय आणि आई म्हणतेय की तो चार वर्षांचा असताना आपापला सायकल शिकला. दोघं एकाच माणसाबद्दल बोलतायत यावर विश्वास बसत नाही. पुढे २०१७ मध्ये 'फोर फोर्टी-फोर' आला. दहा गाणी, छत्तीस मिनिटं, सगळं संगीत नो आय. डी. या निर्मात्याचं. त्यातल्या 'स्माइल'मध्ये मुलगा सांगतो की माझी आई समलिंगी आहे, तिने आयुष्यभर हे लपवलं, आणि तिला पुन्हा प्रेम मिळालं याचा मला आनंद आहे. गाण्याच्या शेवटी ग्लोरिया स्वतः येते आणि सावलीत जगण्याबद्दल एक कविता वाचते. जे-झीचे दणदणीत अल्बम बरेच आहेत. जाणकार 'द ब्लूप्रिंट'चं नाव आधी घेतात आणि मलाही तो आवडतो. पण वय झालेल्या रॅपरने काय करावं याचं उत्तर मला 'फोर फोर्टी-फोर'मध्येच सापडतं. आधीच्या अल्बममध्ये आई मुलाची ओळख करून देते, नंतरच्या अल्बममध्ये मुलगा आईची.

मग मी उलट दिशेने ऐकायला लागले. माझे लाडके अल्बम पुन्हा लावायचे आणि त्यात वडीलधारी माणसं कुठे येतात ते बघायचं.

'इलमॅटिक'पासून सुरुवात करणं भाग होतं. नॅसचा हा पहिला अल्बम, एप्रिल १९९४, नॅसचं वय वीस. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत कारभार आटोपतो आणि त्यात एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही. क्वीन्सब्रिज या न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीचं असं चित्र कुठल्याच वार्ताहराने काढलेलं नाही. अल्बममध्ये पाहुणा रॅपर एकच, एझी. तो 'लाइफ्स अ बिच'मध्ये येतो आणि जगण्यात काही राम नाही असं सांगून जातो. नॅस विसाव्या वाढदिवसाचा हिशोब मांडतो. मग शब्द थांबतात आणि एक कॉर्नेट, ट्रम्पेटचं धाकटं भावंड, वाजायला लागतं, किंचित कापरं, घाई नसलेलं. वाजवणारा नॅसचा बाप, ओलू डारा, मिसिसिपीतून आलेला जॅझवाला. नॅस लहान असतानाच तो घर सोडून गेला होता. नॅसने त्याला सांगितलं होतं म्हणे, की मी लहान असतानाचा आठवलो की जे सुचेल ते वाजव. बापाला बोलायला लावलं असतं तर काय बोलला असता कोण जाणे. वाजवताना त्याने ना माफी मागितली, ना उपदेश केला. आठ वर्षांनी नॅसची आई कर्करोगाने गेली, तेव्हा 'गॉड्स सन'मध्ये तिच्यासाठीच्या 'डान्स' या गाण्यातही ओलू डाराच वाजवतो. ज्या बायकोला सोडून गेला तिच्यासाठी, मुलाच्या गाण्यात. या गाण्याची चर्चा फार होत नाही आणि नॅसचं शब्दकौशल्य त्यात काही विशेष नाही. मला ते सलग ऐकवत नाही, एवढं खरं.

हे सगळं संगीतच मुळात आईबापांच्या तबकड्यांमधून आलेलं. मुलाने घरातला जुना रेकॉर्ड काढायचा, त्यातला दोन सेकंदांचा तुकडा उचलायचा, फिरवत ठेवायचा आणि त्यावर स्वतःचं बोलायचं. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाच्या 'द लो एंड थिअरी'ची, म्हणजे १९९१ सालची, सुरुवातच अशी होते. गटातला क्यू-टिप सांगतो की मी घरी हिप हॉप लावायचो तेव्हा वडील म्हणायचे, मला हे ऐकून बीबॉप आठवतं, म्हणजे त्यांच्या वेळचं जॅझ. सगळ्या अल्बमची चावी त्या दोन ओळींत आहे. पुढे एका गाण्यात जॅझमधल्या माइल्स डेव्हिसच्या पंचकातला रॉन कार्टर खरोखर येऊन डबल बास वाजवतो. शिवीगाळ नसेल तरच वाजवीन, अशी त्याने अट घातली होती म्हणतात. वडीलधारं माणूस घरी येणार म्हणून पोरांनी जीभ आवरली, ही गोष्ट मला त्या बासइतकीच आवडते.

आमच्या घरी या सॅम्पलच्या, म्हणजे तुकडे उचलायच्या, धंद्याने एकदाच शिरकाव केला. २००२ साल. ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाजत होतं, टीव्हीवर लागलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "ही लताबाईच ना?" लताबाईच होत्या. 'ज्योती' या १९८१च्या सिनेमातलं 'थोडा रेशम लगता है', बप्पी लाहिरींचं. निर्माता डीजे क्विकने तो तुकडा जशाच्या तसा उचलून खाली जड ठेका घातलेला. परवानगी नाही, नाव नाही. पुढे प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि बप्पी लाहिरींचं नाव दिल्याशिवाय सीडी विकता येणार नाही, असं कोर्टाने बजावलं. बाबा मात्र त्या संध्याकाळी चिडले नव्हते. बाईंचा आवाज तिकडेही पोचला याचा अभिमान आणि पोचला तो अशा गाण्यात याची लाज, दोन्ही एकदम चेहऱ्यावर. "ठेका बरा आहे," एवढं म्हणाले आणि पेपर पुन्हा वर घेतला. माझ्या आवडीच्या संगीताबद्दल त्यांनी दिलेला हा एकमेव अभिप्राय.

बाप या प्रकरणात कॉमनइतकं भाग्य कुणाचं नाही. शिकागोचा हा रॅपर १९९४च्या 'रेझरेक्शन'पासून अल्बमच्या शेवटी वडिलांना माइक द्यायचा. लॉनी लिन, एके काळचे बास्केटबॉलपटू, खर्जातला आवाज. मुलाचा अल्बम संपला की पॉप्स येणार आणि चार गोष्टी सांगणार, हा रिवाज. गंमत म्हणजे त्यांचं बोलणं दरवेळी नीट जमतच नाही. कधी लांबण लागते, कधी सुभाषितं येतात. लग्नाच्या हॉलवर माइक हातात आलेले काका आठवावेत. तरीही ते नसते तर ते अल्बम मला अपुरे वाटले असते. २००५चा 'बी' हा कॉमनचा सगळ्यात घट्ट विणलेला अल्बम. त्याच्या शेवटच्या गाण्यात आधी लहान मुलं आपण मोठेपणी कोण होणार ते सांगतात आणि मग पॉप्स बोलतात. पॉप्स २०१४ मध्ये वारले. हे गाणं ज्याने बांधलं तो जे डिला तर अल्बमच्या पुढल्याच वर्षी, २००६ मध्ये गेला.

डिलाचा 'डोनट्स' मी या यादीत घातला की लोक हरकत घेतात. त्यात रॅप नाही, घरातलं कुणी बोलत नाही, एकतीस छोटे तुकडे आहेत नुसते. ७ फेब्रुवारी २००६ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, अल्बम आला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. रक्ताचा दुर्मीळ आजार आणि ल्युपस. लॉस एंजेलिसच्या रुग्णालयातल्या खाटेवर त्याने हा बनवला, अशी कथा सांगतात. त्यातलं किती तिथे झालं आणि किती आधीच तयार होतं, यावर जाणकारांत वाद आहेत. पण त्याची आई रोज तिथे होती, याबद्दल वाद नाही. ती त्याच्या सुजलेल्या बोटांना मालिश करायची, जुन्या रेकॉर्ड आणून द्यायची आणि तो त्यातल्या मोजक्याच ठेवून बाकीच्या परत पाठवायचा. स्वतः कधीकाळी ऑपेरा गायलेली बाई. 'डोन्ट क्राय' या तुकड्यात एका जुन्या सोल गाण्याचं आधी सरळ रूप ऐकू येतं आणि मग तो त्याचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतो. तुला रडताना बघवत नाही, असं मूळ गाणं. चाहते म्हणतात की हे आईसाठी आहे. त्याने कुठे तसं लिहून ठेवलेलं नाही. मला पटतं. पहिल्या तुकड्याचं नाव 'आउट्रो' आणि शेवटच्याचं 'वेलकम टू द शो', तेव्हा नावांशी काहीतरी खेळ चाललाय हे उघडच आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हिप हॉप म्हणजे मातृपितृभक्तीचा सोहळा. तसं असतं तर मला आवाज बेताचा ठेवावा लागला नसता.

ज्या अल्बममध्ये आईचं नाव निघताच सूर ओला होतो, त्याच अल्बममध्ये इतर बायकांसाठी जे शब्द येतात ते मी इथे लिहिणार नाही. रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रे याचा 'द क्रॉनिक', डिसेंबर १९९२. आवाज म्हणून बघायचं तर त्यात खोट काढता येत नाही. तो सावकाश सरकणारा बास, वर शिट्टीसारखा सिंथ, कॅलिफोर्नियातलं ऊन त्यात अक्षरशः जाणवतं. मला त्याची प्रत्येक फिरत पाठ आहे. आणि त्याच ड्रेने त्याच्या आदल्या वर्षी डी बार्न्स या टीव्ही सूत्रसंचालिकेला मारहाण केली होती, हेही पाठ आहे. बायकांना दिलेल्या त्रासाबद्दल त्याने जाहीर माफी मागितली ती २०१५ मध्ये. मी आता 'द क्रॉनिक' लावते का? लावते, कधीतरी, हेडफोनवर. पूर्ण ऐकत नाही. हे काही तत्त्वनिष्ठ उत्तर नाही. पण हिंदी गाण्यांतल्या छेडछाडीवर ताल धरतच मी मोठी झालेय, आणि आपल्याकडे शिवी आईवरूनच सुरू होते आणि पाद्यपूजाही तिचीच होते. परक्या घरातली दुटप्पी वागणूक मला लगेच ओळखू येते ती काही उगाच नाही.

म्हणून लॉरिन हिल, गायिका आणि रॅपर. १९९८चा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा माझ्या माहितीतला असा पहिला मोठा अल्बम, जिथे आई फोनवर निरोप ठेवत नाही, आईच अल्बमची मालकीण आहे. 'टू झायन'मध्ये ती सांगते की लोक म्हणाले डोकं वापर, करिअर बघ, मूल आत्ता नको. तिने ऐकलं नाही. मागे कार्लोस सॅन्टाना गिटार वाजवतोय. गाण्यांच्या मधे वर्ग भरतो, मास्तर हजेरी घेतो, लॉरिन हिल गैरहजर. मग मास्तर मुलांना विचारत राहतो की प्रेम म्हणजे काय, आणि मुलं काहीबाही, फार खरी उत्तरं देतात. तो मास्तर म्हणजे रास बराका, पुढे न्यूअर्कचा महापौर झाला. स्किट असावीत तर अशी. १९९९ मध्ये या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हिप हॉपला पहिल्यांदाच. त्यानंतर तिने दुसरा स्टुडिओ अल्बम केलेला नाही. लोक यावर सुस्कारे टाकतात. मला त्यात दुःखाचं काही दिसत नाही. दुसरा वाईट निघाला असता तर हेच लोक तोंड भरून बोलले असते.

एका अल्बमबद्दल लिहायचं टाळणार होते, पण विषयच असा आहे. रॅपर कान्ये वेस्टचा 'डोंडा', २०२१. आईचं नाव अल्बमला, आत आईच्या जुन्या भाषणाचा आवाज. डोंडा वेस्ट इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या, २००७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर गेल्या. त्या जिवंत असताना, २००५ मध्ये, मुलाने 'हे मामा' हे साधं, हसरं गाणं केलं होतं. ते ऐकून मी माझ्या आईला फोन केला होता. 'डोंडा' तासापेक्षा कितीतरी लांब, सत्तावीस ट्रॅक, गोंधळलेला, आणि आई त्यात सापडता सापडत नाही. पुढच्या वर्षी त्याने ज्यूंबद्दल जे विष ओकलं, त्यानंतर मी 'हे मामा'ही लावलेलं नाही. त्या बाईंचा काय दोष, असं वाटतं. तरी हात पुढे जात नाही.

आता आपल्या मुंबईकडे. कुर्ल्याचा रॅपर नेझी याने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं केलं ते वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर: त्यावरच रेकॉर्डिंग, त्यावरच चित्रीकरण. वस्तूच्या रूपाने बाप तिथे हजर होता म्हणायचा. वर्षभराने डिवाइन या मुंबईच्याच रॅपरबरोबरचं 'मेरे गली में' आलं, २०१९ मध्ये 'गली बॉय' सिनेमा आला आणि माझ्या ऑफिसातली माणसंही रॅपबद्दल मतं द्यायला लागली. पण आपल्याकडे सगळा जोर एकेका गाण्यावर, यूट्यूबवरच्या व्ह्यूजवर. डिवाइनचा पहिला अल्बम 'कोहिनूर' आला तोही २०१९ मध्ये, नाव होऊन चांगली चार वर्षं उलटल्यावर. तो मला अर्धाच आवडतो. नवाबी थाटाची गाणी लवकर शिळी झाली, गल्लीतली टिकली. आईचा उल्लेख इथल्या जवळपास प्रत्येक रॅपरच्या तोंडी असतो. तिने केलेले कष्ट, तिला घेऊन द्यायचं घर. तिचा आवाज मात्र कुणी ऐकवत नाही. ती नुसती ऋणाच्या खात्यावर मांडलेली. मला मनापासून आवडलेला अपवाद स्वदेसी या रॅप गटाच्या पोरांचा: 'द वारली रिव्हॉल्ट'. एमसी मवालीचं मराठी रॅप आणि त्याच्या जोडीला आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर, त्यांचा स्वतःचा पाड्यावरचा आवाज. मोठं माणूस इथे सजावटीला बसवलेलं नाही. जंगल कुणाचं, हा वाद तेच घालतात आणि ठेका त्यांच्या मागून चालतो. त्या एका गाण्याचा मला अल्बम हवा होता. खऱ्या आज्ज्या-मावश्या असलेला, बोरिवलीपासून बदलापूरपर्यंत कुठलाही.

केन्ड्रिकने मात्र घर सोडलं नाही. २०१७च्या 'डॅम'चं शेवटचं गाणं 'डकवर्थ' हे त्याच्या वडिलांचं आडनाव. कोंबडी तळून विकणाऱ्या दुकानाच्या खिडकीत बाप नोकरीला. टॉप डॉग नावाचा एक गुंड ते दुकान लुटायच्या बेतात. बापाने धोका ओळखून त्याला रोज फुकट कोंबडी आणि वर दोन बिस्किटं द्यायला सुरुवात केली, म्हणून लुटीच्या वेळी त्याचा जीव वाचला. पुढे त्याच टॉप डॉगच्या कंपनीने त्याच्या मुलाचे अल्बम काढले. बंदूक चालली असती तर बाप नसता आणि मुलगा गोळीबारात मेला असता, असं केन्ड्रिक म्हणतो, आणि गोळीचा आवाज येऊन सगळा अल्बम उलटा फिरतो. या अल्बमला २०१८चं पुलित्झर मिळालं. तरी मी त्याच्या वर २०२२चा 'मिस्टर मोराल' ठेवते. तो लंगडा आहे, लांब आहे, काही गाणी चक्क चीड आणतात. पण 'फादर टाइम'मध्ये एक प्रसंग आहे: आजी वारली आणि बाप लगेच कामावर निघाला. मुलाने विचारलं का, तर म्हणाला, बिलं थांबत नाहीत. आमच्याकडे आजी गेली तेव्हा बाबा तिसऱ्या दिवशी सव्वाआठची लोकल पकडून गेले होते. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. कॉम्प्टनमधल्या माणसाने ते माझ्यासाठी विचारलं, याचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही.

माझ्या भाच्याला हे मान्य नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे, 'डॅम'वाला आहे, आणि अल्बम क्रमाने ऐकणं हा त्याच्या मते म्हाताऱ्यांचा छंद. त्याला म्हटलं, अर्ल स्वेटशर्ट या रॅपरचा 'सम रॅप साँग्स' ऐक, पंचवीस मिनिटांचासुद्धा नाही. अर्लचे वडील केओरापेत्से कोसित्सिले, दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रकवी. तो सहा वर्षांचा असताना ते निघून गेले. आई अमेरिकेत कायद्याची प्राध्यापक. पोरगा सोळाव्या वर्षी भयंकर हिंसक रॅप करायला लागला, तेव्हा तिने त्याला थेट सामोआतल्या शाळेत धाडलं. चाहत्यांनी 'अर्लला सोडा'च्या घोषणा दिल्या आणि त्या बाईला खलनायिका ठरवलं. २०१८च्या या अल्बममध्ये 'प्लेइंग पॉसम' नावाचा तुकडा आहे. त्यात अर्ल स्वतः बोलतच नाही. आई एका भाषणात आभार मानतेय, वडील स्वतःची कविता वाचतायत आणि मुलाने दोन वेगळ्या ठिकाणचे ते आवाज एकमेकांत असे विणलेत की दोघं एकाच व्यासपीठावर आहेत असं वाटावं. वडिलांना तो हे ऐकवणार होता. समेट करायचा होता. ते त्या वर्षीच्या जानेवारीत गेले, अल्बम नोव्हेंबरअखेर आला. 'प्लेइंग पॉसम'च्या मागोमाग 'पीनट' येतं, त्यांना पुरल्यानंतरचं. आवाज चिखलातून आल्यासारखा, शब्द अर्धवट गिळलेले. आणि शेवटी 'रायट!', मिनिटभराचं, बिनशब्दांचं, वडिलांचे मित्र, ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला यांच्या रेकॉर्डवरून उचललेलं. तेही त्याच जानेवारीत वारले होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला हा माझ्या मते सगळ्यात चांगला शेवट, आणि या मतावर मी भांडायला तयार आहे.

भाच्याने कान लावले. 'पीनट'शी येऊन म्हणाला, "मावशी, याचं मिक्सिंग बिघडलंय." मुद्दाम बिघडवलंय, मी म्हटलं. "बाप गेला म्हणून आवाज खराब करायचा?" मी म्हटलं, हो. त्याने खांदे उडवले. 'रायट!' संपल्यावर तेवढं एक पुन्हा लावलं आणि विचारलं, "ही गिटार कुणाची? हे पाठव मला. बाकीचं राहू दे."